रोलप्लेतून स्वतःच्या वागण्यात बदल: वागणं आधी ठरवा, पात्र नंतर

रोलप्ले गेममध्ये, म्हणजे मित्रांबरोबर बसून एखाद्या पात्राच्या भूमिकेतून कथा खेळताना, धाडसी पात्र खेळलं की खेळणाराही हळूहळू धाडसी होतो, असं अनेक जण धरून चालतात. तसं आपोआप होत नाही. टेबलावर सहा महिने राजे-सरदारांना खडसावणारा खेळाडू सहकाऱ्याला 'आज मला जमणार नाही' एवढं सांगताना आजही अडखळतो. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. आधी आवडतं पात्र ठरतं, मग त्याची कहाणी रचली जाते, मग खेळ होतो आणि 'यातून मला काय मिळालं' हा प्रश्न शेवटी येतो, तोही आलाच तर. उपयोगी क्रम असा: आधी बदलायचं वागणं, त्यातून पात्र, पात्रातून प्रसंग, मग सोंग नीट उतरवणं आणि त्यानंतर खऱ्या आयुष्यातला एक छोटा प्रयोग.

पुढचे टप्पे टेबलावर तीन ते पाच खेळाडू आणि एक गेममास्टर (कथा चालवणारा, प्रसंग आणि बाकीची पात्रं उभी करणारा) असलेल्या गटाला धरून लिहिले आहेत. इतर प्रकारांत काय बदलतं ते टप्पा ३ मध्ये आहे.

आधी हे वाचा: कोणी सुरू करू नये

ताजा आघात, नुकताच झालेला मृत्यू, चालू असलेला छळ, वास्तव आणि कल्पना यांची सरमिसळ होण्याचा त्रास, यांपैकी काही असेल तर हा प्रयोग मित्रांच्या टेबलावर करू नका. मानसोपचारातही भूमिका करून पाहण्याची तंत्रं वापरतात, पण तिथे प्रसंग कुठे थांबवायचा हे शिकलेला माणूस समोर असतो. गेममास्टरकडून ती अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे आणि तुमच्यासाठी धोक्याचं.

## टप्पा १: एकच वागणं निवडा

'आत्मविश्वास वाढवायचा आहे' हे ध्येय इथे कामाचं नाही. कसोटी सोपी आहे: तुमच्या आयुष्याचं चित्रण चालू असेल, तर हा बदल पडद्यावर दिसेल का? आत्मविश्वास दिसत नाही. 'बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारला' हे दिसतं.

एका वाक्यात लिहा: कोणासमोर, कुठल्या प्रसंगी, आत्ता काय करतो, त्याऐवजी काय करायचं आहे. उदाहरणार्थ: 'ओळखीच्या माणसाने जादा काम सोपवलं की मी लगेच हो म्हणतो, त्याऐवजी क्षणभर थांबून, सबबींची माळ न लावता, नाही म्हणायचं आहे.' हेच उदाहरण पुढे वापरू.

रोलप्ले कशासाठी चालतो हेही ओळखून असावं. नकार, मागणी, मतभेद, माफी, मदत मागणं, मध्ये न बोलता ऐकून घेणं: जिथे समोर दुसरा माणूस आहे, तिथे याचा उपयोग होतो, कारण टेबलावरही समोर माणूसच असतो. पहाटे उठणं, व्यायाम, खर्चावर ताबा यांसाठी हा मार्ग निवडू नका. पात्र पहाटे चारला उठतं असं सांगायला अर्धं वाक्य पुरतं, आणि त्यात सराव शून्य होतो.

वाक्य तयार झालं की लगेच खेळायला बसू नका. आठवडाभर नुसतं मोजा: असा प्रसंग किती वेळा आला आणि त्यातल्या किती वेळा हवं तसं वागलात. 'पाचपैकी एकदा' एवढी नोंद पुरे. ही नोंद नसेल, तर दोन महिन्यांनी बदल झाला की नाही हे फक्त 'वाटण्यावर' राहतं, आणि रंगलेल्या सेशननंतर, म्हणजे खेळाच्या एका बैठकीनंतर, सगळ्यांनाच खूप काही वाटत असतं.

> तपासणी: तुमचं वाक्य दुसऱ्याला वाचून दाखवा. त्याला तो प्रसंग उभा करून दाखवता आला, तर वाक्य बरोबर. 'म्हणजे नेमकं काय?' असं त्याने विचारलं, तर पुन्हा लिहा.

## टप्पा २: वागणं स्वभावात नको, कामात पेरा

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात. नकार देता येत नाही म्हणून खेळाडू उद्धट, कोणाची पर्वा न करणारा भाडोत्री योद्धा घेतो. तो योद्धा नकार देतो खरा, पण त्याला त्यात काहीच जड जात नाही. तुम्हाला जातं. त्यामुळे त्याचा नकार तुमच्या उपयोगाचा नाही.

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज केली यांनी 1955 साली मांडलेल्या उपचारपद्धतीत माणसाला काही दिवस एक लिहून दिलेली भूमिका जगायला सांगत. ती भूमिका त्या माणसाच्या स्वभावाच्या थेट उलट लिहायची नाही, वेगळ्या दिशेची लिहायची, असा त्यात कटाक्ष होता. टेबलावरही तोच नियम धरा. पात्राच्या चार गोष्टी तुमच्यासारख्या ठेवा: बोलण्याची पद्धत, माणसांबद्दलची ओढ, एखादी भीती, विनोदाची जात. पाचवी गोष्ट तेवढी वेगळी.

ही पाचवी गोष्ट स्वभावात न टाकता पात्राच्या कामात टाका. 'रेवा ठाम आहे' असं पात्राच्या शीटवर, म्हणजे त्याच्या माहितीच्या कागदावर, लिहिलं, तर ऐनवेळी ठामपणा कुठून आणायचा हा प्रश्न तसाच उरतो. 'रेवा पुराच्या नदीवर नाव चालवते. नावेत आठ माणसं मावतात. नववा बसला तर नाव बुडते,' असं लिहिलं, तर नकार देणं हे तिचं कामच होतं. रेवा मऊ मनाची असू दे, तिला वाईटही वाटू दे, पण नवव्याला नाही म्हणावंच लागेल.

शीटच्या वरच्या भागात तीन ओळी लिहा:

1. काम: दर सेशनला ते वागणं भाग पाडेल असा व्यवसाय किंवा जबाबदारी.
2. नियम: पात्र पाळतं असा एक नियम. 'आठाच्या वर नाही.'
3. किंमत: नियम पाळला की काय गमवावं लागतं. 'किनाऱ्यावर उरलेले लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणतात.'

किंमत वगळू नका. फुकटात मिळालेला ठामपणा खेळ संपताच विसरला जातो.

पूर्वकथा दीडशे शब्दांच्या आत आटपा. आठ पानांची पूर्वकथा लिहिणाऱ्याचा खेळ लिहितानाच संपलेला असतो; टेबलावर तो फक्त ती वाचून दाखवायला येतो.

स्क्रीनवर खेळत असाल, तर अवताराच्या, म्हणजे तुमच्या पात्राच्या पडद्यावरच्या रूपाच्या, देहयष्टीकडेही लक्ष द्या. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांच्या 2007 च्या प्रयोगांत उंच अवतार मिळालेले लोक वाटाघाटीत जास्त ताणून धरताना दिसले. अवतार बदलला की वागणं बदलू शकतं, हे खरं. पण ठामपणा अवताराच्या उंचीतून आला, तर तो बाहेर किती टिकेल याची खात्री नाही. म्हणून अवतार शक्यतो स्वतःच्या जवळचा असू द्या.

> सावधान: स्वतःच्या आयुष्यातला खरा माणूस, म्हणजे वडील, साहेब, जुना जोडीदार, नाव बदलून कथेत आणू नका. मोठी जखम उघडी पडते आणि समोर बसलेल्या खेळाडूला आपण काय उघडलं याचा पत्ताही नसतो.

## टप्पा ३: खेळाचा प्रकार निवडा

टेबलावरचा खेळ बहुतेकांसाठी बरा: थांबता येतं, प्रसंग मागे नेता येतो, चेहरे दिसतात. लार्पमध्ये, म्हणजे उभं राहून, वेशभूषा करून खेळल्या जाणाऱ्या प्रकारात, शरीरही सामील होतं, त्यामुळे परिणाम जोरकस आणि बाहेर पडणं अवघड. तो पहिला प्रकार म्हणून घेऊ नका.

लिखित ऑनलाइन रोलप्लेत उत्तराआधी विचाराला वेळ मिळतो. शब्द शोधण्याच्या सरावाला तो चांगला, पण जागच्या जागी उत्तर देण्याच्या सरावाला कच्चा. रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे अनेक जण एकत्र खेळतात अशा ऑनलाइन जागी, आवाजाने खेळत असाल, तर खरं नाव, पत्ता, कामाची जागा पात्राच्या तोंडूनही बाहेर पडू देऊ नका. भावुक प्रसंगात माणूस सैल बोलतो आणि ऐकणारे अनोळखी असतात.

एकट्याने खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये संवादाचे पर्याय तयार मिळतात. तिथे पर्याय निवडण्याआधी आपलं वाक्य मोठ्याने बोला, मग त्याच्या जवळचा पर्याय दाबा. आधीचा सेव्ह उघडून निर्णय बदलणं बंद. नकाराचे परिणाम पुसता आले, तर सराव फक्त बटण दाबण्याचा होतो.

## टप्पा ४: सेशन झिरो

पहिल्या खेळाआधीची ही बैठक साधारण तासाभराची. ती टाळणारे गट तिसऱ्या-चौथ्या सेशनला भांडतात. विषय याच क्रमाने घ्या:

1. सीमा आणि पडदे. सीमा म्हणजे जे या कथेत येणारच नाही. पडदा म्हणजे जे कथेत घडेल पण दाखवलं जाणार नाही. प्रत्येकाने आपली यादी कागदावर लिहून गेममास्टरला द्यावी. तोंडी विचारलं की लाजेपोटी सगळे 'माझं काही नाही' म्हणतात.
2. थांबण्याची खूण. टेबलाच्या मध्ये एक एक्स-कार्ड, म्हणजे 'X' लिहिलेला कागद, ठेवा. कोणीही त्याला हात लावला की चालू गोष्ट कथेतून वगळायची. कारण विचारायचं नाही. ऑनलाइन खेळात चॅटमध्ये फक्त 'एक्स' टाकायचा.
3. उघडं दार. कोणीही, कधीही, स्पष्टीकरण न देता टेबल सोडू शकतो.
4. तुमचं ध्येय. पूर्ण कहाणी सांगायची गरज नाही. गेममास्टरला एवढंच सांगा: 'माझ्या पात्राला प्रत्येक सेशनला एकदा नकार द्यावा लागेल असा प्रसंग दे. सुरुवात सोपी ठेव.' इतरांना हे सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.

चौथा मुद्दा पहिल्या तिघांच्या आधी घेऊ नका. ध्येय आधी सांगितलं की सगळे मदतीच्या उत्साहात येतात आणि सीमा विचारायच्या राहून जातात.

> तपासणी: एक्स-कार्ड एकदा खोटंखोटं वापरून पाहा. क्षुल्लक गोष्टीवर, 'या कथेत कोळी नको' एवढ्यावरसुद्धा चालेल. ज्या कार्डाला कोणी कधी हात लावलेला नाही, त्याला खरी वेळ आल्यावरही कोणी लावत नाही.

## टप्पा ५: प्रत्यक्ष खेळ

आत शिरताना. पाच मिनिटं द्या. एखादी वस्तू पात्राची ठरवा: अंगठी, रुमाल, नावाची पट्टी. ती अंगावर आली की पात्र सुरू. बसण्याची ढब थोडी बदला आणि पात्राचं पहिलं वाक्य मोठ्याने म्हणा. वस्तू दर वेळी तीच हवी. तिचा खरा उपयोग टप्पा ६ मध्ये आहे.

'मी' म्हणून बोला. 'रेवा त्याला नकार देते' हे सारांशाचं वाक्य झालं. 'नाही. नाव भरली आहे. पुढच्या खेपेला या.' हे नकाराचं वाक्य. सराव दुसऱ्यात होतो, पहिल्यात नाही. सारांश देण्याची सवय घट्ट असते, म्हणून शेजारच्या खेळाडूला सांगून ठेवा की मी 'रेवा म्हणते' असं म्हटलं की मला खूण कर.

फासा नंतर. 'मी त्याला पटवते' म्हणून वीस बाजूंचा फासा टाकला आणि वीस, म्हणजे सर्वांत मोठं दान, आलं की झालं: जे करायला आलात तेच फाशाने करून टाकलं. टेबलावर नियम करा की ठरवलेल्या वागण्याच्या प्रसंगात आधी बोलायचं, मग गरज पडली तर फासा. वाईट दान पडलं तर कुरकुर नको. समोरचा ऐकत नाही, चिडतो, रडतो, तरी नावेत नववा बसत नाही: व्यवहारातल्या नकारालाही बहुतेकदा असाच प्रतिसाद मिळतो.

दबाव पायरीपायरीने. गेममास्टरसाठी ढोबळ क्रम असा:

- पहिले दोन सेशन: मागणारा अनोळखी, एकदाच विचारतो, नकार मिळाला की निघून जातो.
- तिसरा आणि चौथा: ओळखीचा माणूस, दोनदा-तीनदा विचारतो, लालूच दाखवतो.
- पाचवा आणि सहावा: जवळचा माणूस, भावनेला हात घालतो. 'तुझ्यासाठी मी काय काय केलं' या सुरात.

खेळाडू पाचव्या सेशनच्या दबावात कोसळला, तर पुढच्या वेळी तिसऱ्या सेशनच्या पायरीवर या. सगळा जोर पहिल्याच सेशनला लावणारे गेममास्टर पुष्कळ आहेत. नाट्य छान होतं, खेळाडू मात्र आयुष्यात करतो तेच तिथेही करतो, म्हणजे मान तुकवतो, आणि सराव होतो तो मान तुकवण्याचा.

प्रसंग आखूड ठेवा. दहा ते पंधरा मिनिटं. सेशनमध्ये असा एक प्रसंग, फार तर दोन. बाकीचा वेळ सगळ्यांचा आहे. तुमच्या ध्येयासाठी चार माणसांची संध्याकाळ ताब्यात घ्यायची नाही.

> सावधान: पात्राची भावना खेळाडूत आणि खेळाडूची पात्रात झिरपते. रोलप्लेवाले याला 'ब्लीड' म्हणतात. थोडं झिरपलं नाही तर बदलही होणार नाही. पण घसा दाटला, हात थरथरले, किंवा समोरच्या पात्राऐवजी तो खेळाडूच डोळ्यांत खुपू लागला, तर एक्स-कार्ड. 'प्रसंग चांगला रंगलाय' हे न थांबण्याचं कारण नव्हे.

## टप्पा ६: सोंग उतरवणं

वीस मिनिटं यासाठी राखून ठेवा. सेशन अकराला संपवायचं असेल, तर खेळ पावणेअकराच्या आधीच थांबला पाहिजे. सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच, कारण तोवर घरी जायची घाई झालेली असते.

1. पात्राची वस्तू काढा आणि डबीत किंवा पिशवीत ठेवा. टेबलावर पडू देऊ नका.
2. उभे राहा, जागा बदला, पाणी प्या.
3. प्रत्येकाने स्वतःचं खरं नाव घेऊन एक साधी गोष्ट सांगा: उद्या सकाळी काय करणार आहे, वगैरे.
4. आता पात्राबद्दल बोला, पण तृतीय पुरुषात. 'मी त्याला हाकललं' नाही, 'रेवाने त्याला हाकललं'.
5. दोन प्रश्न: पात्राकडचं काय सोबत न्यायचं? काय इथेच सोडायचं? प्रत्येकी एक मिनिट.
6. ज्यांच्यात प्रसंगात जुंपली होती, त्यांनी एकमेकांशी खऱ्या नावाने दोन वाक्यं बोलावीत. गोड बोलायची गरज नाही, बोलणं महत्त्वाचं.

टप्पा ५ मध्ये 'मी', इथे 'ती'. हा फरक मुद्दाम आहे: आत असताना जवळून करायचं, बाहेर आल्यावर लांबून पाहायचं. उलट केलं, म्हणजे खेळात 'रेवा म्हणते' आणि नंतर 'मी असा कठोर कसा वागलो', तर सराव होत नाही आणि अपराधीपणा तेवढा घरी येतो.

## टप्पा ७: नोंद, पण दुसऱ्या दिवशी

त्याच रात्री लिहिलेलं सगळं भव्य वाटतं. एक झोप होऊ द्या, मग चार ओळी: कुठल्या क्षणी नेमके कोणते शब्द वापरले, शरीरात काय झालं, कुठे पळवाट काढली, कुठलं वाक्य माझ्या तोंडी शोभेल. शेवटची ओळ कामाची. 'नाव भरली आहे' यातून निघू शकतं: 'या आठवड्याचं माझं काम भरलं आहे.'

पळवाटेची ओळ लिहायला टाळाटाळ होते. विनोद करून प्रसंग उडवला, नकाराऐवजी 'बघू' म्हटलं, ऐनवेळी दुसऱ्या पात्राला पुढे केलं: व्यवहारातही तुम्ही याच वाटेने निसटत असता.

## टप्पा ८: खऱ्या आयुष्यात एक प्रयोग

सेशननंतर तीन दिवसांच्या आत, आणि सर्वांत कमी धोक्याच्या जागी. साहेबापासून सुरुवात नको. फोनवरच्या विक्रेत्यापासून करा, मग ओळखीच्या माणसापर्यंत, मग जवळच्यापर्यंत या.

योजना जर-तर स्वरूपात लिहा: 'जर विक्रेत्याने दुसऱ्यांदा आग्रह केला, तर मी श्वास घेऊन म्हणेन, नाही, मला नको आहे, आणि फोन ठेवेन.' 'या आठवड्यात ठाम राहीन' असं लिहिलेलं ऐनवेळी आठवत नाही. प्रसंगाच्या खुणेला बांधलेलं वाक्य आठवण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते.

पात्राचा सूर मात्र घरी ठेवा. रेवाचं वाक्य आणा, रेवाचा आवाज नको. लोकांना सोंग लगेच कळतं.

> तपासणी: टप्पा १ मधली मोजणी चालू ठेवा. तीन सेशन झाले आणि प्रत्यक्ष प्रयोग एकही नाही, तर चौथं सेशन खेळू नका. आधी प्रयोग. नाहीतर टेबल ही खऱ्या प्रसंगापासून लपायची जागा होते, आणि ती जागा आरामशीर असते.

## बिघाड ओळखताना

खेळात जमतं, बाहेर नाही: पात्र फार लांबचं आहे किंवा त्याला किंमत मोजावी लागत नाही. टप्पा २ कडे परत.

बाहेर जमतं, पण लोक दुखावतात: बहुधा पात्राचा सूर सोबत आला आहे, किंवा फक्त नकाराचा सराव झाला आणि नकारानंतरच्या बोलण्याचा नाही. पुढच्या प्रसंगात रेवाने नकार दिल्यावर त्या माणसाशी आणखी दोन मिनिटं बोलावं.

सेशननंतर दोन-तीन दिवस उदास किंवा चिडचिड: सोंग अर्धवट उतरलं. गटातल्या एकाला फोन करून टप्पा ६ मधले पाचव्या क्रमांकाचे प्रश्न बोलून काढा. उदासी आठवड्याच्या पुढे टिकली, तर खेळ बंद आणि समुपदेशकाची भेट.

टेबलाबाहेर खेळाडूंमध्ये अबोला किंवा अचानक ओढ: पात्रांचं नातं माणसांत झिरपलं आहे. आकर्षण वाटत असेल, तर दोन आठवडे जाऊ देण्याआधी त्याबद्दल काही ठरवू नका, बोलून दाखवू नका.

गेममास्टर दमलाय: तुम्ही त्याला उपचारक बनवलं आहे. प्रसंगांची मागणी एक आड एक सेशनवर आणा.

## किती दिवस

एका वागण्यासाठी एक पात्र, साधारण सहा सेशन, आठवड्यातून एकदा. त्याहून जास्त वेळा खेळलं, तर मधल्या प्रयोगाला जागाच उरत नाही.

सहाव्या सेशननंतर आकडा पाहा. पाचपैकी एकचे तीन झाले असतील, तर पात्र निवृत्त करा. त्याला मारू नका. रेवा नाव दुसऱ्या नावाड्याच्या हाती देते, एवढा प्रसंग खेळा आणि तिची वस्तू त्या दिवसापासून वापरातून काढा. आकडा हलला नसेल, तर त्याच पात्राची आणखी सहा सेशन लावू नका. टप्पा १ मधलं वाक्य फोडून अर्ध्या आकाराचं करा: नकार देणं बाजूला ठेवा, आणि आधी फक्त 'विचार करून उद्या सांगतो' एवढंच म्हणता येईल असं काम असलेलं नवं पात्र घ्या.